डिस्ने वर्ल्डच्या सहलीत निवांत बसून जेवावे की काउंटरवर झटपट खावे? मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आई-बाबांसाठी

मार्च-एप्रिल आला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आई-बाबा काही महिन्यांसाठी तिकडे निघालेले आणि हातात कामांची यादी: गोळ्यांचा साठा, इंग्रजीत चिठ्ठी, विमानातल्या गुडघेदुखीवर काहीतरी. मी विचारतो, "तिथे फिरायला कुठे जाणार?" बऱ्याच वेळा उत्तर येते, "नातवंडांबरोबर ऑर्लँडोला, डिस्ने वर्ल्ड बघायला." पूर्वी मी हसून "मजा करा" म्हणायचो आणि पुढच्या रुग्णाला बोलवायचो. आता मी त्यांना थांबवतो आणि जेवणाचे काय ठरले आहे ते विचारतो.

हा बदल एका काकांमुळे झाला. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षक, पंधरा वर्षांपासून मधुमेह, सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. साखर उत्तम आटोक्यात. मुलाने हौसेने दुपारी अडीचचे बुफेचे टेबल घेतले होते, कारण त्याआधीचे मिळालेच नाही. सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, पण "दुपारी भरपूर आहे, पोट रिकामे ठेवू" म्हणून नाश्त्याला फक्त एक टोस्ट आणि चहा घेतला. मग साडेचार तास चालणे आणि रांगा. पावणेदोनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते नातवावर उगाच ओरडले. सगळ्यांना वाटले ऊन लागले. त्यांना सावलीत बसवून सुनेने थंड पेय दिले, पण ते डाएट कोक होते. मधुमेह्याला साखरेचे कसे द्यायचे, हा तिचा साधा विचार. दहा मिनिटांत काकांची जीभ जड झाली. शेजारच्या एका बाईंनी विचारले, "डायबेटिक आहेत का?" आणि पर्समधून ग्लुकोजच्या गोळ्या काढून दिल्या. त्या कोण होत्या हे या घराला आजही माहीत नाही.

काका ठीक आहेत. पण परत आल्यावर त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, माझे चुकले काय? मी तर पथ्यच पाळत होतो!"

तिथे जेवणाचे दोन प्रकार असतात

जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. चारही ठिकाणी खाण्याची सोय दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात हॉटेलसारखे टेबलावर बसून जेवायचे, वेटर वाढतो किंवा बुफे असतो. ही टेबले साठ दिवस आधीपासून आरक्षित करता येतात आणि लोकप्रिय ठिकाणी सोयीच्या वेळा भराभर संपतात. दुसऱ्या प्रकारात काउंटरवरून ट्रे घेऊन मिळेल त्या जागी बसायचे. इथे मोबाइलच्या ॲपवरून आधी ऑर्डर देता येते. काउंटरवर माणशी साधारण पंधरा-वीस डॉलर होतात. मिकी किंवा पूह टेबलापाशी येऊन भेटतात त्या बुफेला मोठ्या माणसामागे साठ डॉलरच्या पुढे मोजावे लागतात.

घरात चर्चा होते ती पैसे, नातवंडांची हौस आणि शाकाहारी काय मिळेल यावर. ते सगळे महत्त्वाचे आहेच. पण घरातल्या एका जरी माणसाला मधुमेहाची ठरावीक औषधे चालू असतील, तर आधी त्याच्या गोळीची वेळ कागदावर लिहा आणि मग टेबल शोधा. काकांच्या घरी उलटे झाले. टेबल मिळाले त्या वेळेला काकांची भूक बसवली, पण सकाळी आठला पोटात गेलेल्या गोळीला हे आरक्षण कोण सांगणार?

कोणती गोळी जेवणासाठी थांबत नाही?

मधुमेहाची सगळी औषधे सारखी नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लायबेनक्लामाइड ही औषधे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवा किंवा न जेवा, त्यांचे काम चालूच राहते. त्यातच चालणाऱ्या पायांचे स्नायू रक्तातली साखर वेगाने वापरत असतात. एरवी घरी दिवसाला तीन-चार हजार पावले चालणारा माणूस तिथे सहज पंधरा-वीस हजार चालतो. मी स्वतः बहिणीकडे गेलो असताना तिथे तीन दिवस काढले आहेत. पहिल्या संध्याकाळी मोबाइलने दाखवलेला आकडा बघून माझाच विश्वास बसला नव्हता. गोळी तीच, चालणे चौपट आणि जेवण दोन तास उशिरा. एवढे झाले की साखर उतरणारच.

इन्शुलिन घेणाऱ्यांना हे आणखी लागू. रात्री एकदाच घ्यायचे लांब पल्ल्याचे इन्शुलिन जेवणाच्या वेळेशी फारसे बांधलेले नसते. पण सकाळ-संध्याकाळचे मिश्र इन्शुलिन आणि जेवणाआधीचे जलद इन्शुलिन थेट ताटाशी बांधलेले असते. ज्यांना फक्त मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली गोळी आहे, त्यांची साखर सहसा अशी धोकादायक खाली जात नाही. त्यांनी जेवणाच्या वेळेचा एवढा धसका घ्यायचे कारण नाही.

आणखी एक गट म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि सोबत पाणीही जाते. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा टोर्सेमाइडही चालू असेल तर पाणी दोन वाटांनी जाते. ऑर्लँडोचा उन्हाळा म्हणजे ३२-३३ अंश आणि मुंबईच्या मे महिन्यासारखी घामट हवा. अशा दिवशी उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते. या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पण उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा खाणे थांबले तर कोणती गोळी थांबवायची, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुपारचे एक जेवण खुर्चीत

माझे मत विचाराल तर ज्येष्ठ माणूस बरोबर असताना दिवसात एक जेवण टेबलावरचे असावे आणि ते दुपारचे असावे. जेवणाइतकेच कारण खुर्चीचे आहे. तासभर थंड हवेत पाठ टेकून बसणे, हवे तेवढे पाणी, जवळच स्वच्छतागृह आणि गोळ्यांचा डबा उघडायला निवांत जागा. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना, प्रोस्टेटमुळे वारंवार जावे लागणाऱ्यांना आणि हृदयाच्या रुग्णांना या तासाची किंमत जास्त. शिवाय जून ते सप्टेंबर तिथे दुपारी गडगडाटासह पाऊस बऱ्याचदा येतो आणि वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. म्हणजे मुलांचेही फार काही बुडत नाही.

मात्र आरक्षण एकचे म्हणजे घास एकला, असे धरू नका. पोचल्यावर नाव सांगायचे, टेबल रिकामे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग मेन्यू, मग स्वयंपाकघर. ताट समोर यायला पाऊण तास सहज जातो. त्यामुळे घरी साडेबाराला जेवणाऱ्या माणसासाठी बाराच्या आतबाहेरचे टेबल शोधा. अडीचचेच मिळाले तर घ्यायला हरकत नाही. पण मग ते जेवण धरू नका. बारा-साडेबाराला काउंटरवर नीट खाऊन घ्या आणि अडीचला थोडेच खा. काकांना हाच एक मधला घास कोणी दिला नाही.

जलद इन्शुलिन घेणाऱ्यांनी रांगेत किंवा टेबलाची वाट बघताना सुई टोचू नये. पदार्थ समोर आल्यावरच घ्यावे. अर्धा तास आधी घ्यायचे जुन्या प्रकारचे इन्शुलिन असेल तर बाहेरच्या जेवणासाठी वेळेचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ते प्रत्येकाचे वेगळे असते.

आता बुफेबद्दल. माणशी साठ डॉलर दिले म्हणजे ते वसूल करायचे, हा आपला स्वभाव. मीही त्याला अपवाद नाही. पण हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने गच्च जेवून लगेच उन्हात चालायला सुरुवात केली तर छातीत दुखू शकते, कारण पचनाचे आणि चालण्याचे काम हृदयावर एकाच वेळी पडते. काही ज्येष्ठांचा रक्तदाब मोठ्या जेवणानंतर तास-दोन तास खाली येतो आणि उठताना तोल जातो. म्हणून बुफेत पहिली ताटली सॅलड, भाज्या आणि डाळी-बीन्स, अंडी किंवा चिकन यांची, मग थोडा भात किंवा ब्रेड, आणि गोड हवेच असेल तर दोघांत एक. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास बसून बघायचा एखादा कार्यक्रम ठेवा. गोल फिरणाऱ्या राइड तर नातवंडांनीही पोटभर जेवणावर टाळलेल्या बऱ्या.

ॲनिमल किंगडम लॉजमध्ये 'सना' नावाचे एक रेस्टॉरंट आहे. तिथली नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या-लोणच्यांची थाळी भारतीयांना फार आवडते, खिडकीतून जिराफही दिसतात. चौथ्या दिवशी बर्गरला कंटाळलेल्या जिभेला ती पर्वणीच वाटते. पण त्या थाळीत मैदाच जास्त असतो. चौघांत एक थाळी मागवा आणि सोबत प्रथिनांचा एखादा पदार्थ घ्या.

काउंटरचे खाणे वाईटच असते का?

नाही. उलट औषधाच्या वेळेला धरून खायचे असेल तर काउंटर जास्त उपयोगी. ॲपवर ऑर्डर देताना घ्यायला येण्याची वेळ निवडता येते आणि तिथे पोचून 'आलो आहोत' असे कळवले की ते तयार करायला घेतात. घास नक्की केव्हा तोंडात जाणार, याचा अंदाज इथे टेबलापेक्षा चांगला येतो. बारा ते दीड ही गर्दीची वेळ, तेव्हा साडेअकराला गेलात तर बसायला जागाही मिळते.

सगळे काउंटर म्हणजे बर्गर-फ्राइज नव्हेत. ॲनिमल किंगडममधल्या पँडोरा भागात सातूली कँटीन आहे. तिथे वाडग्यात खाली काय आणि वर काय हे आपण निवडतो, टोफूही मिळतो. मेन्यू बदलत राहतात, म्हणून आदल्या रात्री ॲपवर बघून ठेवावे. भूक लागल्यावर रांगेत उभे राहून निवडले की हात फ्राइजकडेच जातो. मोठ्यांनाही मुलांसाठीचे छोटे जेवण मागवता येते. आपल्याकडच्या ज्येष्ठ बायकांना तेवढे पुरते.

शाकाहारी लोकांनी मेन्यूवर हिरव्या पानाची खूण बघावी. तिचा अर्थ त्या पदार्थात मांस, अंडी, दूध, मध काहीच नाही. खूण नसलेल्या भात, बीन्स किंवा सूपमध्ये चिकनचे पाणी असू शकते, विचारून घ्यावे. जैन जेवण किंवा दाण्याची ॲलर्जी असेल तर टेबलावरचे जेवण अधिक सोयीचे, कारण तिथे ते आरक्षण करतानाच कळवता येते आणि स्वयंपाक करणाऱ्याशी बोलणेही होते.

काउंटरची खरी अडचण मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ घ्यायला सांगते. फ्राइज, चीज सॉस, खारवलेले मांस, प्रेट्झेल आणि वरून केचप असे दोनदा खाल्ले की ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. तंदुरुस्त माणसाला तहान लागेल, बाकी काही नाही. पण हृदयाचे कार्य कमी झालेल्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला दोन दिवसांनी पायावर सूज आणि रात्री आडवे झाल्यावर धाप असे दिसू शकते. अशांनी फ्राइजऐवजी फळ किंवा गाजर मागावे आणि सॉस वेगळा घ्यावा. मुलाच्या घरी वजनकाटा असेल तर सहलीच्या आधी आणि नंतर वजन बघावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते चरबीचे नसते, पाण्याचे असते. तेव्हा डॉक्टरांना कळवावे.

पाण्याचे एक चांगले आहे. काउंटरवर साधे बर्फाचे पाणी मागितले तर कप भरून फुकट देतात. मागायला संकोच करू नका. (ज्या हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी मात्र ते विचारल्याशिवाय वाढवू नये.)

पिशवीत काय ठेवावे?

डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरते खाणे आत नेऊ देतात. काचेची बाटली आणि दारू चालत नाही. ऑर्लँडोतल्या दुसऱ्या पार्कांचे नियम वेगळे असतात, ते आधी बघावेत. म्हणजे मेथीचे ठेपले, दशम्या, खाकरे, भाजलेले चणे-दाणे खुशाल न्यावेत. दोन जेवणांत चार तासांहून जास्त अंतर पडत असेल तर मध्ये यातले काहीतरी खावे. यात कमीपणा वाटायचे कारण नाही. तिथे अमेरिकन आजीही पर्समधून सँडविच काढताना मी पाहिली आहे.

इन्शुलिनचे पेन गाडीत ठेवू नका. बंद गाडीत ते खराब होते. थंड ठेवणाऱ्या पाऊचमध्ये अंगाजवळ ठेवा. प्रत्येक पार्कमध्ये प्रथमोपचार केंद्र आहे. तिथे नर्स असतात आणि थंड ठेवायचे औषध ठेवायला देता येते. आत शिरल्यावर नकाशात ती जागा आधी बघून ठेवा.

रांगेत घाम फुटला तर

ऊन आणि उतरलेली साखर या दोन्हींत घाम, चक्कर, थकवा असतो. फरक ओळखत बसू नका, ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर लगेच उपचार. मीटर जवळ नसेल आणि माणूस मधुमेहाच्या गोळीवर किंवा इन्शुलिनवर असेल, तर साखर उतरली आहे असे धरूनच वागा. थोडी साखर जास्त गेली तर नुकसान किरकोळ असते, उशिराचे मोठे असते. थरथर, एकदम चिडचिड, असंबद्ध बोलणे, ओठांना मुंग्या ही लक्षणे लक्षात ठेवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांना छातीतली धडधड जाणवणार नाही, घाम मात्र येतो.

द्यायचे काय? पंधरा ग्रॅम साखर: अर्धा कप फळांचा रस किंवा साधा कोक, किंवा तीन चमचे साखर पाण्यात, किंवा अमेरिकेत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चार ग्रॅमच्या ग्लुकोजच्या चार गोळ्या. डाएट पेयाचा काहीही उपयोग नाही. चॉकलेट आणि आइसक्रीममधल्या चरबीमुळे साखर हळू चढते, म्हणून तेही नको. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर गेली नसेल तर तेवढेच पुन्हा द्या. वर आल्यावर खरे जेवण द्या, नाहीतर गोळीचा असर टिकून असल्याने ती परत उतरेल. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि ९११ ला फोन करा.

आपल्याकडच्या अनेक गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोजही असते. ते आतड्यात साखरेचे विघटन मंदावते, त्यामुळे घरातली साखर किंवा कोक दिला तर चढायला वेळ लागतो. अशा रुग्णाजवळ शुद्ध ग्लुकोजच हवे. गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, आजच वाचून बघा. व्होग्लिबोज आणि ग्लिक्लाझाइड ही औषधे अमेरिकेत विकली जात नाहीत, तिथल्या डॉक्टरांना ती नावे परिचयाची असतीलच असे नाही. म्हणून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव आणि ते कशासाठी आहे हे लिहून घ्या.

रात्रीचे जेवण आणि झोपण्याआधीची तपासणी

मॅजिक किंगडमची आतषबाजी रात्री उशिरा असते आणि "ती बघून मग जेवू" असे हमखास ठरते. संध्याकाळी मिश्र इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी हे चुकीचे. त्यांनी इन्शुलिन आणि जेवण दोन्ही नेहमीच्या वेळेला, आतषबाजीच्या आधी उरकावे. हे जेवण काउंटरवरचे चालेल.

दिवसभर चाललेले स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात. त्यामुळे संध्याकाळी बरी दिसणारी साखर पहाटे उतरू शकते. गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी सहलीच्या दिवसांत झोपण्याआधी एकदा तपासावे. १०० च्या खाली असेल तर कपभर दूध आणि दोन बिस्किटे खाऊन झोपावे. सलग तीन-चार दिवस पार्कमध्ये जाणार असाल तर त्या दिवसांपुरता डोस कमी करायचा का, हे निघण्याआधीच्या भेटीत विचारा. त्या भेटीला गेल्या तीन महिन्यांची एचबीए१सी, घरी मोजलेल्या साखरेची वही आणि मुलाने केलेले सहलीचे वेळापत्रक असे तिन्ही घेऊन या.